दर बदला, कायदा दरवर्षी बदलू नका

नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. इचलकरंजीत सीए म्हणून मी सूत व्यापाऱ्यांची, यंत्रमागधारकांची, सायझिंगवाल्यांची आणि निवृत्त शिक्षकांची रिटर्न भरते. हा कायदा मी अथपासून इतिपर्यंत वाचला आणि तो मला आवडला, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते या कायद्याच्या विरोधात नाही. तो टिकावा, एवढ्यासाठीच आहे.

जुना कायदा १९६१ चा. तो आला तेव्हा त्यात २९८ कलमे होती. पुढे भर पडत गेली आणि मधले क्रमांक बदलता येत नसल्यामुळे आकड्यांपुढे अक्षरे लागत गेली : ११५जेबी, ११५बीएसी, १९४आयए, २७१एएडी. ही सगळी धरून कलमांची संख्या आठशेच्या वर गेली होती. नव्या कायद्यात ती ५३६ आहे. सरकारच्या आकड्यांनुसार शब्द पाच लाख बारा हजारांवरून दोन लाख साठ हजारांवर आले, सुमारे बाराशे परंतुके आणि नऊशे स्पष्टीकरणे गेली. टीडीएसचा एखादा दर शोधायला आम्ही १९२ पासून १९४टी पर्यंत पाने उलटत असू. आता पगार सोडला तर जवळजवळ सगळे ३९३ या एका कलमाच्या तक्त्यांत सापडते. माझ्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला ते शोधायला मला विचारावे लागत नाही. यामागे कष्ट आहेत आणि ज्या अधिकाऱ्यांनी ते केले त्यांचे मला कौतुक वाटते.

सामान्य माणसाला खरा दिलासा आहे तो 'करवर्षा'चा. जुन्या पद्धतीत पैसे कमावले ते वर्ष वेगळे आणि त्यावर कर आकारला जायचा ते वर्ष वेगळे. माझ्याकडचे एक किराणा दुकानदार आगाऊ कर स्वतः मोबाइलवरून भरतात. त्यांनी चालू वर्षाचा कर म्हणून चालू वर्षच निवडले, निवडायला हवे होते पुढचे. पैसे सरकारजमा झाले, पण भलत्या वर्षाच्या खात्यात. रिटर्नची छाननी झाली तेव्हा कर भरलाच नाही असे धरून व्याजासकट मागणी आली. पैसे भरूनही नोटीस आल्याने ते गृहस्थ इतके धास्तावले की दुकान मुलाच्या हवाली करून ते दुपारभर माझ्या ऑफिसात बसून राहिले. अशी प्रकरणे दरवर्षी यायची. ज्या वर्षी कमावले तेच करवर्ष, एवढ्या एका बदलाने ती थांबतील.

मग काळजी कसली? काळजी आहे ती दरवर्षीच्या फेब्रुवारीची.

१९६१ चा कायदाही घाईत केलेला नव्हता. विधी आयोगाने १९५८ मध्ये त्यासाठी अहवाल दिला होता, महावीर त्यागी यांच्या समितीने प्रशासनाची बाजू तपासली होती, विधेयक प्रवर समितीकडे जाऊन आले होते. तरीही त्याचे काय झाले ते आपण पाहिले. हा कायदा पासष्ट वेळा बदलला गेला आणि त्यात चार हजारांहून अधिक दुरुस्त्या झाल्या, असे सरकारच सांगते. यातल्या बहुतेक दुरुस्त्या वेगळे विधेयक आणून झालेल्या नाहीत. त्या अर्थसंकल्पासोबत येणाऱ्या वित्त विधेयकातून झाल्या.

वाचकांपैकी अनेकांना वित्त विधेयक म्हणजे स्लॅब आणि दर एवढेच ठाऊक असते. मूळ कल्पनाही तीच होती. जुन्या कायद्याच्या चौथ्या कलमात तसे स्पष्ट होते : कर कोणावर, कशावर, कसा आकारायचा ते या कायद्यात, आणि किती दराने ते दरवर्षीच्या वित्त कायद्यात. कायदा स्थिर राहील आणि दर सरकारच्या गरजेप्रमाणे हलतील, अशी ही विभागणी होती. दर हा राजकारणाचा विषय आहे आणि तो असायलाच हवा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अधिभारासह सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७४ मध्ये तो ७७ टक्क्यांवर आला. १९९७ मध्ये तो ३० टक्के झाला. एवढ्या मोठ्या उलथापालथीला वित्त कायद्याच्या परिशिष्टातला एक तक्ता पुरतो. माझ्या ऑफिसातही अशा बदलासाठी सॉफ्टवेअर अद्ययावत केले की भागते. दर बदलल्याने कुणाची वही बिघडत नाही.

वही बिघडते ती दुसऱ्या बदलांनी. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण ते मी रोज जवळून पाहिले आहे.

२०२० च्या वित्त कायद्याने २०६सी या कलमात (१एच) हे पोटकलम घातले. वर्षाला दहा कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या विक्रेत्याने, एका ग्राहकाकडून वर्षात पन्नास लाखांच्या वर जेवढी रक्कम येईल तिच्यावर ०.१ टक्का टीसीएस गोळा करून सरकारकडे भरायचा. १ ऑक्टोबर २०२० पासून ते लागू झाले. कसे करायचे याचे परिपत्रक आले २९ सप्टेंबरला. मधे एक दिवस. त्यानंतर नऊ महिन्यांनी, २०२१ च्या वित्त कायद्याने १९४क्यू आणले. तेच व्यवहार, तीच पन्नास लाखांची मर्यादा, तोच ०.१ टक्का, पण आता तो खरेदीदाराने टीडीएस म्हणून कापायचा. हे लागू झाले १ जुलै २०२१ ला आणि मार्गदर्शक परिपत्रकावर तारीख आहे ३० जूनची. कोल्हापूर जिल्ह्यातले कोरोनाचे निर्बंध तेव्हा अजून पुरते उठलेही नव्हते.

आता आमच्या गावातला सूत व्यापारी डोळ्यांसमोर आणा. तो सूतगिरणीकडून सूत घेतो आणि शेकडो यंत्रमागधारकांना विकतो. साठ लाखांचे सूत घेणारा त्याचा एक ग्राहक आहे. पन्नास लाखांवरचे दहा लाख, त्यावर ०.१ टक्का म्हणजे एक हजार रुपये. हे हजार रुपये विक्रेत्याने गोळा करायचे की खरेदीदाराने कापायचे? खरेदीदाराची मागच्या वर्षीची उलाढाल दहा कोटींच्या वर असेल तर त्याने, नसेल तर विक्रेत्याने. पण ग्राहकाची उलाढाल व्यापाऱ्याला कशी कळणार? म्हणून प्रत्येक पार्टीकडून घोषणापत्र घ्या. उलाढाल दरवर्षी बदलते, म्हणून दर एप्रिलला पुन्हा घ्या. टीसीएस होता आलेल्या रकमेवर, म्हणजे जीएसटीसकट. टीडीएस होता बिलावर, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून. म्हणजे दोघांचे आकडे कधी जुळायचेच नाहीत. शिवाय त्याच १ जुलैपासून आणखी एक नियम आला : समोरच्या पार्टीने रिटर्न भरलेले नसेल तर तिच्याकडून जादा दराने कापा. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाने रिटर्न भरले की नाही, हे दुकानदाराने पोर्टलवर जाऊन तपासायचे.

त्या दिवसांत एका पेढीवरचे वयस्कर दिवाणजी घोषणापत्रांचा गठ्ठा घेऊन आले. चाळीस वर्षे ज्यांनी एका पैशाची चूक न करता खतावणी लिहिली तो माणूस म्हणाला, "मॅडम, हजार रुपयांसाठी एवढे कागद? आणि हे हजारही त्याला रिटर्नमध्ये परतच मिळणार ना?" त्यांचे बरोबर होते. हा जादा कर नव्हताच. ज्याच्या नावावर कापला त्याला तो वळता होणार होता. कलमाचा उद्देश फक्त माहिती मिळवणे हा होता, आणि कोणी कोणाला कितीचा माल विकला ही माहिती जीएसटीच्या रिटर्नमधून दर महिन्याला सरकारकडे जातच होती.

शेवटी २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने हे मान्य केले. १ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याचा टीसीएस बंद झाला, जादा दराचा नियमही गेला. साडेचार वर्षे देशभरच्या व्यापाऱ्यांनी जो खटाटोप केला त्याचा हिशेब कुणाच्याही ताळेबंदात दिसणार नाही. जी गोष्ट सरकारला २०२५ मध्ये पटली ती २०२० मध्ये कोणत्याही बाजारपेठेतल्या एखाद्या मुनीमजीने तासाभरात पटवून दिली असती. त्याला विचारायची सोयच नव्हती.

दुसरे उदाहरण आमच्या गावाच्या अधिकच जिव्हाळ्याचे आहे. ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्या. मुदत उलटली आणि वर्षअखेरीस पैसे देणे बाकी असले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. हेतू किती चांगला आहे! यंत्रमागधारकाचे पैसे साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवस अडकतात. वर्षानुवर्षे पेमेंटधारा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पैसे चुकते करण्याची बाजारातली रीत, पाळली जात नाही आणि सुताचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात, हे या गावातले दुखणे आहे. कुणीतरी दिल्लीत बसून त्याचा विचार केला याचा मला आनंदच झाला होता.

झाले काय? २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काहींचे अडकलेले पैसे खरोखरच सुटले, हे नाकारत नाही. पण माझ्याकडच्या कितीतरी यंत्रमागधारकांना कापड घेणाऱ्यांनी सांगितले, लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर माल दुसरीकडून घेतो. ३१ मार्चच्या आत काहींचे कापड परत आले. या तरतुदीतले संरक्षण कापड विणणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. त्यामुळे विणणाऱ्याकडून थेट घेण्यापेक्षा मधल्या व्यापाऱ्याकडून घेणे खरेदीदाराला सोयीचे झाले. ज्याच्यासाठी कलम केले त्याचीच ऑर्डर गेली. पहिल्या वर्षी ९० दिवस, मग ६०, मग ४५ असे टप्प्याने आणले असते आणि मधल्या व्यापाऱ्यालाही तोच नियम लावला असता, तर हेच कलम यंत्रमागधारकाला आधार ठरले असते असे माझे ठाम मत आहे. हे सांगायला इचलकरंजीतून, मालेगावातून, भिवंडीतून, सुरतेतून माणसे आनंदाने दिल्लीला गेली असती.

हे कलम ज्या २०२३ च्या वित्त विधेयकात होते ते लोकसभेत कसे मंजूर झाले? २४ मार्च २०२३ ला, गदारोळात, चर्चेविना. त्याच दिवशी सरकारच्या ६४ दुरुस्त्याही त्याच्यासोबत मंजूर झाल्या. त्यातल्या एका दुरुस्तीने डेट म्युच्युअल फंडावरचा दीर्घ मुदतीच्या नफ्याचा लाभ आणि महागाईची वजावट नव्या गुंतवणुकीसाठी काढून टाकली. १ फेब्रुवारीच्या भाषणात याचा उल्लेख नव्हता, मूळ विधेयकात नव्हता. शुक्रवारी मंजूर झाले आणि पुढच्या शनिवारी, १ एप्रिलला, लागू झाले. निवृत्तीचे पैसे कुठे ठेवायचे याचा हिशेब करून बसलेल्या माणसाला एक आठवडा मिळाला. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर दोन मते असू शकतात. पण संसदेत त्यावर एकही मत मांडले गेले नाही. यात गोंधळ घालणाऱ्या विरोधकांचा दोष आहे आणि त्या गोंधळातच विधेयक रेटणाऱ्या सरकारचाही. राज्यसभेला तर यात फारसे कामच नाही. धन विधेयक असले की तिने चौदा दिवसांत शिफारशी करून ते परत पाठवायचे आणि त्या स्वीकारणे लोकसभेवर बंधनकारक नाही.

घाईने लिहिलेले कलम पुढे कुठे त्रास देते याचा नमुना २०२४ च्या जुलैत दिसला. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ८७ए खाली करसवलत होती. शेअरवरच्या अल्पमुदतीच्या नफ्यालाही ती लागू होते का, हे कायद्यात नीट उलगडत नव्हते. रिटर्न भरण्याचा हंगाम चालू असताना, ५ जुलैपासून, पोर्टलच्या सॉफ्टवेअरने ती सवलत देणे बंद केले. ४ तारखेला भरणाऱ्याला मिळाली, ६ तारखेला भरणाऱ्याला नाही. कायदा तोच होता, बदलला होता तो संगणकातला एक नियम. त्यावर मुंबईतल्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. निदान दावा करण्याची वाट तरी बंद करू नका, असे न्यायालयाला सांगावे लागले. नंतर २०२५ च्या वित्त कायद्याने तो मुद्दा पुढच्यासाठी स्पष्ट केला. कॉलेजात शिकणारी, शिष्यवृत्तीच्या पैशातून शेअर घेणारी मुलेही त्या वर्षी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन आली होती. त्यांना मी काय सांगायचे होते? कायदा तुमच्या बाजूने वाचता येतो, पण पोर्टल वाचू देत नाही?

आता दुसरी बाजू, आणि ती आशेची आहे. नवा कायदा करताना सरकारने जी पद्धत वापरली ती योग्य होती. १३ फेब्रुवारी २०२५ ला विधेयक मांडले आणि ते बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. समितीने लोकांची, संघटनांची, जाणकारांची मते ऐकली आणि २१ जुलैला अहवाल दिला. त्यात २८५ शिफारशी होत्या. सरकारने मूळ विधेयक मागे घेतले आणि सुधारून नवे आणले.

त्या २८५ मधली एकच सांगते. मूळ मसुद्यात असे होते की परतावा हवा असेल तर रिटर्न मुदतीतच भरले पाहिजे. वाचायला हे शिस्तीचे वाटते. पण परतावा कुणाला हवा असतो? बऱ्याचदा अशा माणसाला, ज्याला करच लागत नाही आणि तरी बँकेने ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापलेला असतो. आजारपणामुळे किंवा घरातल्या कुणाच्या निधनामुळे त्याची ३१ जुलै चुकली, तर त्याचेच पैसे त्याला कायमचे मिळाले नसते. समितीने ते पकडले आणि नव्या विधेयकातून ती अट गेली. पाच महिन्यांच्या चर्चेने देशभरच्या लाखो म्हाताऱ्या माणसांचे पैसे वाचवले असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ११ ऑगस्टला सुधारित विधेयक लोकसभेत काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूर झाले, त्यावर सभागृहात चर्चा झाली नाही, याचे मला वाईट वाटते. तरी समितीच्या खोलीत काम झाले होते, म्हणून कायदा चांगला निघाला.

२०२४ च्या जुलैतही हेच दिसले होते. घर-जमिनीच्या विक्रीवरची महागाईची वजावट एका दिवसात काढली गेली. लोकांनी आणि जाणकारांनी आकडे मांडून आक्षेप घेतला, आणि दोन आठवड्यांत सरकारने २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी जुन्या आणि नव्यापैकी जे फायद्याचे असेल ते निवडण्याची मुभा दिली. मंत्रालयातली माणसे ऐकतात. त्यांना ऐकायला वेळ मिळेल अशी रचना नाही, एवढेच.

आणि म्हणूनच मला काळजी वाटते. नवा कायदा लागू होण्याच्या दोन महिने आधी, १ फेब्रुवारी २०२६ च्या वित्त विधेयकात, त्याच कायद्यातल्या दुरुस्त्या आल्यासुद्धा. काही दुरुस्त्या करदात्याच्या सोयीच्या आहेत. सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरवरून, शुल्क भरून, ३१ मार्चपर्यंत वाढवण्याचे मी स्वागतच करते. पण पद्धत तीच जुनी राहिली. शाईही न वाळलेल्या कागदावर खाडाखोड सुरू झाली. शिवाय जुन्या कायद्याच्या ११५बीएसीप्रमाणेच नव्या करप्रणालीचे स्लॅब इथेही मुख्य कायद्यात, कलम २०२ मध्ये, ठेवलेले आहेत. म्हणजे दर बदलायचा म्हटला तरी कायद्यालाच हात लावावा लागणार. मूळ विभागणी उलटी झाली आहे आणि हे माझ्या मते नव्या कायद्यातले सर्वांत चुकलेले पाऊल आहे.

माझे म्हणणे असे आहे. अर्थसंकल्पासोबतच्या वित्त विधेयकात फक्त दर, स्लॅब, अधिभार आणि सवलतींच्या रकमा असाव्यात. प्राप्तिकर कायद्यातली बाकी कोणतीही दुरुस्ती, मग ती टीडीएसची असो, दंडाची असो, फेरतपासणीची असो, वेगळ्या विधेयकातून यावी. त्याचा मसुदा किमान तीन महिने लोकांसमोर असावा, मराठीसह सगळ्या प्रमुख भाषांत. ते विधेयक पावसाळी अधिवेशनात मांडावे, समितीकडे पाठवावे, हिवाळी अधिवेशनात मंजूर करावे आणि पुढच्या १ एप्रिलपासून लागू करावे. ब्रिटनमध्ये २०१० पासून बहुतेक करदुरुस्त्यांचा मसुदा विधेयकाच्या कित्येक महिने आधी प्रसिद्ध करण्याची प्रथा पडली आहे. त्यांचा करकायदा आपल्याहून सोपा नाही, पण तिथल्या हिशेबनिसाला नियम लागू होण्याच्या आदल्या दिवशी परिपत्रक वाचावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिला गुप्ततेचा. आधी सांगितले तर लोक फायदा घेतील. सीमाशुल्काच्या बाबतीत हे खरे आहे. सोन्यावरचे शुल्क वाढणार हे महिनाभर आधी कळले तर साठेबाजी होईल, म्हणून तर विधेयक मांडल्याच्या दिवशी मध्यरात्रीपासूनच शुल्क वसूल करण्याचा वेगळा कायदा आपल्याकडे आहे. पण टीडीएसचे घोषणापत्र कोणत्या नमुन्यात घ्यायचे यात गुप्त काय आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : करचुकवेगिरीची पळवाट दिसली तर ती वर्षभर उघडी ठेवायची का? ठेवू नये. घोषणेच्या दिवसापासून ती बंद होईल असे जाहीर करता येते आणि कलमाचे शब्द मात्र चर्चेनंतर पक्के करता येतात. घाईचे उदाहरण आपल्यासमोर आहे. व्होडाफोनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने १९६२ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला. नऊ वर्षे आंतरराष्ट्रीय लवाद आणि बदनामी सोसून २०२१ मध्ये सरकारने तो कर मागे घेतला आणि वसूल केलेली रक्कम परत करण्याचे मान्य केले. त्याच २०१२ मध्ये करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियमही आणले गेले. ते मात्र आक्षेपांनंतर पार्थसारथी शोम समितीकडे गेले, सुधारले गेले आणि २०१७ पासून लागू झाले. एकाच वर्षीच्या दोन तरतुदी. विचाराला वेळ मिळाला ती आजही कायद्यात आहे.

चर्चा म्हणजे अनंतकाळ नव्हे, हेही मान्य आहे. प्रत्यक्ष कर संहितेचा मसुदा २००९ मध्ये आला, विधेयक २०१० मध्ये मांडले, स्थायी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर ते विधेयकही संपले. म्हणून समितीला मुदत हवी. पांडा समितीने ५३६ कलमांचे काम पाच महिन्यांत केले. एका वर्षाच्या दुरुस्त्यांना तीन महिने भरपूर झाले.

याला एक जोड हवी. टीडीएस-टीसीएसचे प्रत्येक नवे कलम तीन वर्षांच्या मुदतीचे असावे. मुदत संपण्याआधी सरकारने संसदेला सांगावे की यातून किती कर मिळाला, किती नवे करदाते सापडले आणि व्यापाऱ्याला किती खर्च आला. पटले तर कलम पुढे चालू ठेवा. ही अट असती तर २०६सी(१एच) ला २०२३ मध्येच उत्तर द्यावे लागले असते.

यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. सरकारने मनावर घेतले तर पुढच्या अर्थसंकल्पापासून हे करता येईल. महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात आणि देशात प्रत्यक्ष करात सर्वाधिक भर आपल्या राज्याची आहे, तेव्हा हा आवाज इथून उठणे अगदी रास्त आहे. आमच्या हातकणंगले मतदारसंघाच्या खासदारांना मी हे सविस्तर लिहून पाठवले आहे. दर हिवाळ्यात अर्थ मंत्रालय अर्थसंकल्पासाठी सूचना मागवते. तेव्हा आमच्या व्यापारी संघटना, यंत्रमागधारक संघटना आणि सीएंच्या शाखा निवेदने पाठवतात आणि त्यांत वजावटीची मर्यादा वाढवा, स्लॅब वाढवा एवढेच मागतात. यंदाच्या निवेदनात पहिली मागणी ही लिहा : दुरुस्तीचा मसुदा आम्हाला तीन महिने आधी दाखवा.